युद्धकाळातील सामूहिक उपवास आणि दुआ : खिलाफत दिन (१७ ऑक्टोबर १९१९) व त्याच्या आधी-नंतर

प्रस्तावना

सुरत जिल्ह्यातील चलथाण हे गाव सहकारी साखर कारखान्यामुळे सर्वांना परिचित आहे. सुरतहून भुसावळकडे जाणारा ताप्ती खोऱ्याचा रेल्वेमार्ग या गावावरून पुढे बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार असा खानदेशात उतरतो. याच मार्गाने खानदेशातील कितीतरी मराठी आणि उर्दू बोलणारी कुटुंबे कामधंद्यासाठी सुरत परिसरात आली व येथेच स्थिरावली. प्रस्तुत लेखक अशाच एका कुटुंबातला आहे.

काही वर्षांपूर्वी सीमेवर तणाव असताना वर्गात एका विद्यार्थिनीने प्रश्न विचारला, "सर, युद्ध लागले की आपल्याकडे मशिदीत, मंदिरात, चर्चमध्ये सगळीकडे प्रार्थना होते. समोरच्या देशातही होते. मग अल्लाहने ऐकायचे कुणाचे?" त्या वेळी मी तिला वेळ मारून नेणारे उत्तर दिले. नंतर मात्र तो प्रश्न मनातून जाईना. तो केवळ श्रद्धेचा प्रश्न नाही, इतिहासाचाही आहे. संकटाच्या काळात एका ठरलेल्या दिवशी साऱ्या समाजाने उपाशी राहून ईश्वराकडे मदत मागावी, ही प्रथा अनेक देशांत होती. आपल्या मुंबई-गुजरात भागाने तर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिचे एक वेगळेच रूप पाहिले. हे दिवस कुणी पुकारले, कशासाठी पुकारले आणि त्यांतून हाती काय आले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेण्याचा प्रयत्न केला आहे.

परंपरेतील आधार

इस्लामी परंपरेत संकटकाळच्या सामूहिक दुआला जुना आधार आहे. पाऊस पडेनासा झाला की 'इस्तिस्का'ची नमाज अदा करतात. त्याआधी तीन दिवस रोजे ठेवावेत, तौबा करावी, सदका द्यावा, असे फिकहच्या ग्रंथांत सांगितले आहे. समाजावर मोठी आपत्ती कोसळली, शत्रूचे भय निर्माण झाले की नमाजमध्ये 'कुनूत-ए-नाजिला' ही विशेष दुआ पढली जाते. बिअर मऊना येथे कुरआन पठण करणारे सुमारे सत्तर सहाबी दगाफटक्याने मारले गेले, तेव्हा हजरत मुहम्मद (स.) यांनी महिनाभर ही दुआ पढली. ही घटना हिजरी ४ मधील, म्हणजे इ. स. ६२५ ची होय.

युद्ध आणि उपवास यांचा संबंधही पवित्र कुरआनात येतो. सूरह बकरामध्ये तालूतच्या सैन्याची कथा आहे. जालूतशी लढायला निघालेल्या या सैन्याची वाटेत एका नदीवर परीक्षा होते. पाणी पिऊ नका, फार तर ओंजळभर घ्या, अशी आज्ञा असते. बहुतेक जण पोटभर पितात आणि थोडेच कसोटीला उतरतात. हे थोडे लोक समोर उभे ठाकल्यावर अल्लाहकडे सर्वप्रथम धैर्य मागतात, नंतर पाय घट्ट रोवण्याचे बळ मागतात आणि विजय शेवटी मागतात. हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

परंतु परंपरेत याची दुसरी बाजूही आहे. बद्रची लढाई हिजरी २ च्या रमजानमध्ये झाली. तेथे पैगंबरांनी रात्रभर दुआ केली, पण त्याबरोबर पाण्याच्या विहिरी, छावणीची जागा आणि सैन्याच्या रांगा यांचीही व्यवस्था केली. हिजरी ८ मध्ये मक्केवर मोहीम निघाली तोही रमजानच होता. तेव्हा वाटेत लोकांना रोजा जड जाऊ लागल्याचे पाहून पैगंबरांनी सर्वांसमक्ष रोजा सोडला आणि ज्यांनी तरीही हट्टाने रोजा चालू ठेवला त्यांच्याबद्दल नापसंती दर्शविली. आणखी एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. शत्रूंची नावे घेऊन त्यांच्यावर लानत पाठविणाऱ्या दुआच्या संदर्भात सूरह आले इम्रानची १२८ वी आयत उतरल्याचे हदीसमध्ये सांगितले आहे. कुणाला माफ करायचे आणि कुणाला शिक्षा करायची, हा अधिकार माणसाचा नाही, असा त्या आयतीचा आशय आहे. म्हणजे दुआ करण्याची मुभा आहे, परंतु अल्लाहला निकाल सांगण्याची मुभा नाही. पुढील इतिहास पाहताना ही कसोटी उपयोगी पडेल.

विलायतेतील उपवास दिन

युद्धकाळी राज्यकर्त्याने जाहीरनामा काढून उपवास व प्रार्थनेचा दिवस ठरविणे ही इंग्लंडमधील रूढ प्रथा होती. क्रिमियाच्या युद्धात १८५४ व १८५५ मध्ये असे दिवस पाळले गेले. त्यानंतरचा असा दिवस आपल्याशी थेट निगडित होता. १८५७ च्या उठावाची वार्ता पोहोचल्यावर व्हिक्टोरिया राणीच्या जाहीरनाम्याने ७ ऑक्टोबर १८५७ हा दिवस उपवास, नम्रता आणि प्रार्थनेसाठी ठरविण्यात आला. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्पर्जन या प्रसिद्ध धर्मोपदेशकाचे प्रवचन ऐकायला २३ हजारांहून अधिक लोक जमले होते.

त्या दिवशीच्या प्रवचनांमध्ये दोन सूर होते. एक सूर बंडखोरांना कठोर शासन व्हावे अशी मागणी करणारा होता. दुसरा सूर स्वतःकडे बोट दाखविणारा होता. कंपनीने हिंदुस्थानात काय केले, अफूचा व्यापार कुणी चालविला, असे प्रश्नही काही धर्मोपदेशकांनी विचारले. पहिला सूर अधिक मोठा होता, हे सांगायला नको. यातली एक गोष्ट मन अस्वस्थ करणारी आहे. इंग्लंड ज्या दिल्लीसाठी उपवास करीत होते, ती सप्टेंबरमध्येच इंग्रजांच्या हाती पडली होती आणि तेथे सूडसत्र चालू झाले होते. ती बातमी त्या दिवशी लंडनला पोहोचलेली नव्हती, इतकेच.

अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तर आणि दक्षिण या दोन्ही बाजूंनी असे दिवस पाळले. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी ३० एप्रिल १८६३ हा दिवस ठरविला होता. दक्षिणेकडील जेफरसन डेव्हिस यांनीही असे दिवस जाहीर केले. दोन्ही बाजू एकच धर्मग्रंथ वाचतात, एकाच ईश्वराकडे एकमेकींविरुद्ध मदत मागतात आणि दोघींच्याही प्रार्थना पूर्णपणे मान्य होणे शक्य नाही, हे लिंकन यांनी ४ मार्च १८६५ च्या भाषणात स्पष्टपणे मांडले. माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न असा दीडशे वर्षांहून जुना आहे.

दख्खनचे शिपाई आणि खलिफाचा खुतबा

पहिल्या महायुद्धात हाच प्रश्न हिंदी मुसलमानांच्या घरात शिरला. नोव्हेंबर १९१४ मध्ये तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरले. तुर्कस्तानचा सुलतान हा सुन्नी जगताचा खलिफा मानला जात असे. हिंदुस्थानातील अनेक मशिदींत जुम्याच्या खुतब्यात त्याच्यासाठी दुआ होत असे. आता तोच सुलतान सरकारचा शत्रू ठरला. पवित्र स्थळांना धक्का लावणार नाही, असे आश्वासन ब्रिटिश सरकारने त्या वेळी दिले.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या घटनेला एक जवळचा पदर आहे. इराकमध्ये तुर्कांशी लढायला जी फौज प्रथम गेली ती पुण्याची सहावी डिव्हिजन होती. तिच्यात मराठा पलटणी होत्या आणि या पलटणींमध्ये मराठ्यांबरोबर दख्खनी मुसलमानांच्या कंपन्याही भरती केलेल्या असत. कुत-अल-अमारा येथे ही फौज वेढ्यात सापडली. अखेर अन्न संपल्यामुळे २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार माणसे तुर्कांच्या स्वाधीन झाली. आपल्या गावचा तरुण खलिफाच्या सैन्यासमोर उभा आहे आणि गावच्या मशिदीत खलिफासाठी दुआ होत आली आहे, अशा वेळी त्या तरुणाच्या आईने नेमके काय मागितले असेल? या प्रश्नाचे उत्तर कागदपत्रांत सापडत नाही. पण सामूहिक दुआचा इतिहास लिहिताना तो विसरून चालणार नाही.

मौलाना मुहम्मद अली आणि शौकत अली हे बंधू युद्धकाळात नजरकैदेत होते. त्यातला मोठा काळ मध्यप्रांतातील छिंदवाडा येथे गेला. ३० ऑक्टोबर १९१८ रोजी मुद्रोसचा युद्धविराम झाला. मात्र १५ मे १९१९ रोजी ग्रीक सैन्य स्मर्ना बंदरात उतरले आणि तुर्कांच्या भूमीवर नवे युद्ध पेटले. हिंदी मुसलमानांच्या दृष्टीने युद्ध संपलेच नव्हते.

६ एप्रिल १९१९

दरम्यान हिंदुस्थानात युद्धकाळातील जाचक तरतुदी शांततेच्या काळातही चालू ठेवणारा रौलट कायदा मार्च १९१९ मध्ये मंजूर झाला. त्याच्या विरोधात गांधीजींनी देशाला एक दिवस कामकाज बंद ठेवून उपवास व प्रार्थना करण्याचे आवाहन केले. दिल्लीत हा दिवस ३० मार्चलाच पाळला गेला आणि तेथे गोळीबार झाला. त्यानंतर ४ एप्रिल रोजी स्वामी श्रद्धानंदांनी जामा मशिदीत भाषण केले. उर्वरित देशात रविवार, ६ एप्रिल हा दिवस पाळला गेला.

या दिवसासाठी गांधीजींनी घातलेल्या अटी अभ्यासण्यासारख्या आहेत. आदल्या रात्रीच्या जेवणापासून २४ तास उपवास करायचा. मुसलमानांना एका दिवसाहून अधिक सलग उपवास करता येत नाही, हे लक्षात घेऊन ही मर्यादा ठेवली होती. (इफ्तार न करता रोजाला रोजा जोडणे, म्हणजे सौम-ए-विसाल, शरीअतमध्ये मना आहे.) धर्माची किंवा प्रकृतीची अडचण असणाऱ्यांनी उपवास करू नये. रविवारीही ज्यांना कामावर जावे लागते त्यांनी आधी रजा घ्यावी. आणि सर्वांत महत्त्वाची अट म्हणजे हा उपवास सरकारवर दडपण आणण्यासाठी नाही, तर सत्याग्रहासाठी स्वतःची शुद्धी करण्यासाठी आहे.

मुंबईत त्या दिवशी पहाटे चौपाटीवर हजारो लोक समुद्रस्नानासाठी जमले. त्यानंतर मुसलमान मित्रांनी गांधीजी आणि सरोजिनी नायडू यांना जवळच्या मशिदीत नेले व तेथे दोघांची भाषणे झाली. इंग्लंडमध्ये असा दिवस राजसत्ता जाहीर करीत असे. येथे तो प्रथमच ज्यांच्या हाती सत्ता नव्हती अशा लोकांनी स्वतःहून ठरविला आणि दोन धर्मांच्या माणसांनी एकत्र पाळला. समुद्रस्नान आणि वुजू, एकादशीचा उपास आणि रोजा यांचे नियम वेगळे राहिले, पण दिवस एक झाला.

१७ ऑक्टोबर १९१९ : खिलाफत दिन

मुंबईत १९१९ मध्ये खिलाफत समिती स्थापन झाली. तिचे अध्यक्ष लाकडाचे मोठे व्यापारी मियाँ मुहम्मद हाजी जान मुहम्मद छोटाणी हे होते. २१ सप्टेंबर १९१९ रोजी लखनऊ येथे भरलेल्या मुस्लिम परिषदेने शुक्रवार, १७ ऑक्टोबर हा दिवस देशभर 'खिलाफत दिन' म्हणून पाळण्याचे ठरविले. रोजा, नमाज, दुआ आणि हरताळ असा कार्यक्रम होता. मध्यवर्ती समितीचे कार्यालय मुंबईतच राहिले. भायखळ्याचे खिलाफत हाऊस आजही उभे आहे आणि ईद-ए-मीलादचा जुलूस तेथूनच निघतो, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेलच. त्या आवारात पुढे अध्यापक महाविद्यालयही उभे राहिले.

फिकहच्या दृष्टीने पाहिले तर हा रोजा नफ्ल होता. कोणतीही परिषद तो फर्ज करू शकत नव्हती. ज्याने तो ठेवला त्याने स्वतःच्या नियतीने ठेवला. हेच त्याचे वैशिष्ट्य मानावे लागेल. सरकारी हुकूम नसताना, पगार वा पदवी मिळणार नसताना, दूरच्या देशातील संकटासाठी देशभरातील दुकानदार, विणकर, शिक्षक एका दिवशी उपाशी राहिले.

गांधीजींनी या दिवशी हिंदूंनीही मुसलमानांबरोबर उपवास करावा असे जाहीर आवाहन केले. शेजारी दुःखात असताना आपण स्वस्थ जेवावे हे बरे नव्हे, असा त्यांच्या भूमिकेचा गाभा होता. ठिकठिकाणी हिंदू व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवून साथ दिली. पुढे २३ व २४ नोव्हेंबरला दिल्लीत खिलाफत परिषद भरली. दुसऱ्या दिवशी तिचे अध्यक्षस्थान गांधीजींकडे होते. सरकारने डिसेंबरमध्ये योजलेल्या विजय व शांततेच्या समारंभांवर बहिष्कार घालण्याचा ठराव या परिषदेत झाला. प्रार्थना कशासाठी करायची हे जसे लोकांनी ठरविले, तसेच आनंदोत्सव कशाचा करायचा नाही हेही ठरविले.

दुसरा खिलाफत दिन १९ मार्च १९२० रोजी पाळला गेला. त्याच्या तीनच दिवस आधी दोस्त सैन्याने इस्तंबूल रीतसर ताब्यात घेतले होते. १ ऑगस्ट १९२० रोजी उपवास, प्रार्थना आणि हरताळ यांनीच असहकाराचा आरंभ झाला. त्याच दिवशी पहाटे मुंबईत सरदारगृहात लोकमान्य टिळकांचे निधन झाले. त्यांच्या अंत्ययात्रेत गांधीजींबरोबर मौलाना शौकत अली यांनीही खांदा दिला.

उपवास आपल्याकडे वळतो

येथपर्यंतचा उपवास दुसऱ्याने केलेल्या अन्यायाविरुद्ध ईश्वराची मदत मागणारा होता. नोव्हेंबर १९२१ मध्ये त्याची दिशा पालटली. १७ नोव्हेंबरला इंग्लंडचे युवराज मुंबईत उतरले. बहिष्काराच्या वेळी असहकारवाद्यांच्या जमावाने स्वागताला गेलेल्या पारशी, ख्रिस्ती व इतरांवर हल्ले केले. नंतर त्याची परतफेडही झाली. काही दिवसांच्या दंगलीत पन्नासहून अधिक माणसे मारली गेली. जमावात हिंदू होते तसे मुसलमानही होते. ज्या शहरातून खिलाफतच्या दुआचे आवाहन गेले होते, त्याच शहरात हे घडले, हे आपण प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे.

गांधीजींनी १९ नोव्हेंबरपासून उपवास सुरू केला आणि सर्व जमातींचे पुढारी एकत्र आल्यावर २२ तारखेला तो सोडला. स्वराज्य मिळेपर्यंत दर सोमवारी २४ तास उपवास करण्याचे व्रतही त्यांनी तेव्हाच घेतले. हा उपवास इंग्रजांविरुद्ध नव्हता, आपल्याच लोकांनी केलेल्या अपराधाबद्दल होता. आपल्या भाषेत सांगायचे तर दुआची जागा तौबाने घेतली.

त्यानंतर तीन महिन्यांच्या आत हा प्रसंग चलथाणच्या शेजारी, बारडोलीत पुन्हा घडला. बारडोली तालुक्याने २९ जानेवारी १९२२ रोजी सविनय कायदेभंगाचा निर्धार केला होता. साऱ्या देशाचे लक्ष या तालुक्याकडे लागले होते. ४ फेब्रुवारीला गोरखपूर जिल्ह्यातील चौरीचौरा येथे जमावाने पोलीस ठाणे जाळले आणि त्यात बावीसहून कमी नाहीत एवढे पोलीस मृत्युमुखी पडले. ११ व १२ फेब्रुवारीला बारडोलीत काँग्रेस कार्यकारिणीने चळवळ स्थगित केली आणि गांधीजींनी पाच दिवसांचा उपवास केला. हजार-बाराशे किलोमीटरवरच्या अपराधाचे प्रायश्चित्त ताप्तीच्या खोऱ्यात घेतले गेले. खिलाफतच्या अनेक नेत्यांना, तसेच तुरुंगातील मोतीलाल नेहरू व लाला लजपतराय यांनाही हा निर्णय रुचला नाही. राजकीय दृष्ट्या तो योग्य होता की नाही, यावर इतिहासकारांत आजही मतभेद आहेत. आपल्या विषयापुरते इतकेच म्हणता येईल की, विजय समोर दिसत असताना स्वतःच्या बाजूच्या पापासाठी उपवास करणे ही युद्धकाळातील उपवासांच्या इतिहासातील दुर्मीळ गोष्ट होय.

मागणे आणि मिळणे

खिलाफतसाठी केलेल्या दुआचे पुढे काय झाले? १० ऑगस्ट १९२० च्या सेव्हरच्या तहाने तुर्कस्तानचे तुकडे केले. परंतु मुस्तफा कमाल यांच्या नेतृत्वाखाली तुर्कांनी लढा दिला, ९ सप्टेंबर १९२२ रोजी स्मर्ना परत घेतले आणि २४ जुलै १९२३ च्या लोझानच्या तहाने आपला देश राखला. मग ३ मार्च १९२४ रोजी त्याच तुर्कांच्या राष्ट्रसभेने खिलाफत बरखास्त केली. ज्या पदासाठी मुंबई-लखनऊच्या माणसांनी रोजे ठेवले, ते पद वाचलेल्या देशानेच रद्द केले. तुर्क वाचावेत ही दुआ कबूल झाली असे म्हणावे, तर ती मागणाऱ्यांच्या कल्पनेत नसलेल्या रीतीने झाली.

दुसरी गोष्ट अधिक क्लेशदायक आहे. गरीब माणसांनी, स्त्रियांनी दागिने काढून देऊन जो खिलाफत निधी उभा केला, त्यातील मोठी रक्कम अध्यक्षांच्या खासगी व्यवसायात गुंतल्याचे उघडकीस आले. भरपाई म्हणून त्यांना आपल्या लाकडाच्या गिरण्या समितीच्या हवाली कराव्या लागल्या. या प्रकरणाने चळवळीची विश्वासार्हता ढासळली. याउलट उदाहरण थोडे आधीचे आहे. बाल्कन युद्धाच्या वेळी डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांचे वैद्यकीय पथक डिसेंबर १९१२ मध्ये मुंबईहून तुर्कस्तानला गेले, जखमींची शुश्रूषा केली आणि १९१३ मध्ये परतले. दुआला कृतीची आणि चोख हिशेबाची जोड असली तर काय घडते आणि नसली तर काय घडते, याची ही दोन उदाहरणे समाजसंस्था चालविणाऱ्या प्रत्येकाने समोर ठेवावीत.

१९६५ चा सोमवार

स्वतंत्र भारतात युद्धकाळचा सामूहिक उपवास एकदाच मोठ्या प्रमाणावर पाळला गेला. १९६५ मध्ये पावसाने दगा दिला होता आणि देश अमेरिकेतून पी. एल. ४८० कराराखाली येणाऱ्या गव्हावर अवलंबून होता. सप्टेंबरमध्ये पाकिस्तानशी युद्ध झाले. संरक्षणमंत्री आपल्या कऱ्हाडचे यशवंतराव चव्हाण होते. १० सप्टेंबरला खेमकरण भागात पाकिस्तानी रणगाडे निकामी करताना अब्दुल हमीद यांना वीरमरण आले व त्यांना परमवीरचक्राचा सन्मान लाभला. १९ सप्टेंबरला कच्छमध्ये गुजरातचे मुख्यमंत्री बळवंतराय मेहता यांचे विमान पाडण्यात आले. २३ सप्टेंबरला युद्ध थांबले. अमेरिकेने मात्र धान्याचा पुरवठा थोड्या थोड्या मुदतीचाच ठेवला.

पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी देशाला आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. सोमवारची संध्याकाळ त्यासाठी ठरली. आवाहनापूर्वी त्यांनी स्वतःच्या घरी एक वेळ चूल बंद ठेवून पाहिली, असे त्यांच्या कुटुंबीयांनी सांगितले आहे. हॉटेलेही त्या संध्याकाळी बंद राहू लागली. गांधीजींच्या १९२१ च्या व्रताचाही वार सोमवारच होता.

माझी दादी या सोमवारांबद्दल सांगायची. मगरिबनंतर चूल पेटायची नाही. मुले कुरकुर करू लागली की ती म्हणायची, "रमजानमध्ये तुम्ही सवाबसाठी उपाशी राहता, आज शिपायाच्या ताटासाठी राहा." वस्तीत त्या काळी काही लोक आमच्याकडे संशयाने पाहत, हेही ती सांगायची, पण सोमवारच्या उपाशीपणाशी त्याचा संबंध तिने कधी जोडला नाही. कुणाला पटवून देण्यासाठी तिने जेवण सोडले नव्हते.

या उपवासात आणि १८५७ च्या इंग्लंडमधील उपवासात मोठा फरक आहे. येथे शत्रूच्या नाशाची मागणी केंद्रस्थानी नव्हती. वाचलेले धान्य दुसऱ्याच्या मुखात जावे आणि देशाला परक्यापुढे हात पसरावा लागू नये, असा साधा हेतू होता. रोजाचा एक अर्थ भुकेल्याची भूक ओळखणे हाही आहे. त्या अर्थाने सोमवारचा उपवास कोणत्याही धर्माच्या माणसाला परका वाटला नाही.

समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी पुढे येतात. पहिली, सत्तेने हुकूम काढून पाळायला लावलेला उपवास आणि लोकांनी आपखुशीने केलेला उपवास यांत नियतीचा फरक असतो. ६ एप्रिल व १७ ऑक्टोबर १९१९ या दिवसांचे बळ त्या आपखुशीत होते. दुसरी, दुआ शत्रूच्या दोषांपाशी थांबली तर ती सूडाची भाषा बोलू लागते, आणि स्वतःच्या दोषांकडे वळली तर माणसाला आवरते. मुंबई १९२१ आणि बारडोली १९२२ ही त्याची साक्ष आहे. तिसरी, उपवासाला कृती, सेवा आणि हिशेब यांची जोड हवी. त्याशिवाय तो केवळ एक दिवसाची उपासमार ठरतो.

प्राध्यापक बंधू-भगिनींना एक नम्र सूचना करावीशी वाटते. इतिहासाच्या पाठ्यक्रमात रौलटविरोधी सत्याग्रह आणि खिलाफत चळवळ ही दोन स्वतंत्र प्रकरणे म्हणून शिकविली जातात. १९१९ चे हे दोन दिवस एकत्र शिकविल्यास हिंदू-मुस्लिम ऐक्य हा शब्द मुलांना ठोस स्वरूपात दिसेल. १९६५ चे सोमवार ज्यांना आठवतात अशी माणसे आता उतारवयात आहेत. विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडून त्या आठवणी आताच लिहून घ्याव्यात. मराठी, उर्दू, गुजराती या तिन्ही भाषांत हे काम होऊ शकते.

राहिला त्या विद्यार्थिनीचा प्रश्न. अल्लाह कुणाचे ऐकतो हे सांगण्याचा अधिकार मला नाही, आणि परंपरा सांगते की तो कुणालाच नाही. मात्र आपण काय मागावे याबद्दल मी आज तिला निश्चितपणे उत्तर देऊ शकेन. आपल्या देशाचे रक्षण मागावे, कारण आपली घरे, आपली लेकरे येथे आहेत. सीमेवरच्या शिपायाची सलामती मागावी. दोन्हीकडच्या निरपराधांचे प्राण वाचावेत असे मागावे. तालूतच्या थोड्या सैनिकांप्रमाणे विजयाआधी धैर्य मागावे. आणि हे सर्व मागण्यापूर्वी आपल्याकडून कुणावर अन्याय होत नाही ना, हे तपासून घ्यावे.